‘पलीकडे’ म्हणजे नक्की कुठे?

लोकलमध्ये असाल, एसटीत असाल, किंवा भांडी घासता घासता ऐकत असाल तर तसंच चालू द्या. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलताना राहिलेली अर्धवट वाक्यं तेवढी पुरी केलीत, बाकी जसंच्या तसं.

झालं असं की एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. ‘ताई, ट्रान्सेंडन्सला मराठीत एक चांगला शब्द सांगा ना. कॉलेजच्या प्रेझेंटेशनसाठी पाहिजे. उद्यापर्यंत.’ उद्यापर्यंत! म्हटलं सोपं आहे, सांगते. आणि मग मी अडकले. कारण मराठीत याला शब्द नाही असं नाहीये, शब्द जरा जास्तच आहेत. अतीत, अलौकिक, लोकोत्तर, पारलौकिक, अतींद्रिय, गुणातीत, कालातीत, शब्दातीत, निर्गुण, तुर्या, उन्मनी... आणि प्रत्येकाची जात वेगळी, घराणं वेगळं.

यातला सगळ्यात थेट शब्द तर मी यादीत घेतलाच नाही. तो ऐकून तुम्ही हसाल. अतिक्रमण.

खरंच सांगते. अति म्हणजे पलीकडे, आणि क्रमण म्हणजे पाऊल टाकणं, चालणं. मर्यादेच्या पलीकडे पाऊल टाकणं म्हणजे अतिक्रमण. अर्थाने बघितलं तर ट्रान्सेंडन्सला याच्याइतका जवळचा शब्द सापडणार नाही. पण आपल्या डोळ्यासमोर काय येतं? फुटपाथवरची टपरी, महापालिकेचा ट्रक, आणि गाडा उचलून नेताना त्याच्यामागे धावणारा माणूस. तेच ‘उल्लंघन’चं. लंघन म्हणजे ओलांडून जाणं. दसऱ्याला आपण सीमोल्लंघन करतो तेव्हा ते शुभ असतं, सोनं वाटतो. आणि सिग्नल तोडला की वाहतूक नियमांचं उल्लंघन, पावती फाडा. शब्द एकच, क्रिया एकच: एक रेष आहे आणि कुणीतरी ती ओलांडतंय. ती रेष कुणाची आणि ओलांडणारा कोण, यावर ठरतं की त्याला सोनं मिळणार की दंड.

हे डोक्यात ठेवा. मला पुढे त्याकडेच यायचंय. पण आधी जरा नदीवर जाऊ.

आपल्याकडचे पलीकडचे बहुतेक शब्द पाण्यातून आलेत. संस्कृतमध्ये ‘तृ’ असा एक धातू आहे. अर्थ, तरून जाणं, पार होणं. त्याच्यापासून किती शब्द निघालेत बघा. तीर्थ म्हणजे मुळात नदीला उतार मिळतो ती जागा, जिथून माणूस पलीकडे जाऊ शकतो. जैनांचे तीर्थंकर म्हणजे असा उतार तयार करून देणारे. अवतार म्हणजे पलीकडून खाली उतरून येणं. तारू म्हणजे जहाज. एसटीतला उतारू त्याच घरातला. आणि तुमच्या दहावीच्या मार्कशीटवर लिहिलेलं ‘उत्तीर्ण’? तेही हेच. उत्तीर्ण म्हणजे तरून पलीकडे पोचलेला. काश्मीरच्या शैव तत्त्वज्ञानात परमतत्त्वाला ‘विश्वोत्तीर्ण’ म्हटलंय, विश्व पार करून उरलेलं. त्यातला ‘उत्तीर्ण’ आणि पस्तीस टक्केवाला ‘उत्तीर्ण’ सख्खे भाऊ आहेत. (आणि हो, तेच शैव लगेच पुढे त्याच तत्त्वाला ‘विश्वमय’ पण म्हणतात. म्हणजे पलीकडे आहे आणि इथेच भरून राहिलंय, दोन्ही. आपल्याकडे सगुण-निर्गुणाची जोडी जशी एकमेकांना सोडत नाही तसंच.)

तसाच ‘पार’. पार म्हणजे पलीकडचा काठ. पारंगत म्हणजे पलीकडच्या काठाला पोचलेला. पारायण म्हणजे शेवटापर्यंत जाणं. अपार म्हणजे ज्याला पलीकडचा काठच नाही. आणि आपण रोज काय म्हणतो? ‘लग्न एकदाचं पार पडलं.’ मांडव, जेवणावळी, रुसलेले मामा, ही सगळी नदी एकदाची ओलांडली! मला हा वापर फार आवडतो. मोक्षासाठीचा शब्द आपण बिनधास्त लग्नाच्या हॉलला वापरतो आणि कुणाला काही वाटत नाही.

आता गंमत बघा. इंग्रजीतला ट्रान्सेंडन्स लॅटिनमधून आलाय. ‘ट्रान्स’ म्हणजे पलीकडे आणि ‘स्कांदेरे’ म्हणजे चढणं. भाषाशास्त्रज्ञ सांगतात की हा ‘ट्रान्स’ आपल्या ‘तृ’चा दूरचा नातेवाईक आहे, आणि ‘स्कांदेरे’ हा संस्कृतच्या ‘स्कंद्’चा, ज्याचा अर्थ उडी मारणं. म्हणजे रक्ताचं नातं आहे. पण चित्र बदललं. तिकडे चढायचंय, भिंतीवर, डोंगरावर. इकडे नदी पार करायचीय. वर जाणारा माणूस खालच्यांकडे खाली बघतो. नदी ओलांडणारा माणूस मात्र आधी भिजतो. कोरडं राहून तरून जाता येत नाही.

हा फरक मला नुसता शब्दांचा वाटत नाही. हल्ली रील्समध्ये, ऑफिसच्या वर्कशॉपमध्ये एक सल्ला फार ऐकू येतो, ‘याच्या वर उठ’. पगार थकलाय? वर उठ. घरात कुणी रोज टोमणे मारतंय? वर उठ, मनाला लावून घेऊ नकोस, सगळी माया आहे. सांगणारा बहुतेक वेळा आधीच वर बसलेला असतो. आपल्या शब्दात तसं म्हणताच येत नाही. ‘तरून जा’ म्हटलं की पुढचा प्रश्न येतोच: पाणी किती खोल आहे, नाव कुठाय, नावाडी मला घेईल का?

तत्त्वज्ञानातला एक घोळ इथेच उरकून टाकते, कारण प्रेझेंटेशनवाल्याला तो नक्की आडवा येणार. ट्रान्सेंडेंट आणि ट्रान्सेंडेंटल हे दोन वेगळे शब्द आहेत. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटने १७८१ च्या त्याच्या मोठ्या ग्रंथात हा फरक पक्का केला. तुमच्या फोनच्या कॅमेऱ्याचं उदाहरण घ्या. कॅमेऱ्यात कधीच येऊ शकणार नाही असं काहीतरी, फोटोच्या कायमचं पलीकडचं, ते ट्रान्सेंडेंट. आणि कॅमेऱ्याची स्वतःची लेन्स? ती पण फोटोत दिसत नाही. पण ती पलीकडे नाहीये, अलीकडे आहे. ती आहे म्हणून फोटो निघतो. कांटच्या भाषेत ते ट्रान्सेंडेंटल: अनुभव शक्य करणाऱ्या अटी, काळ, अवकाश, कार्यकारण वगैरे. दोन्हींना मराठीत सरसकट ‘अतींद्रिय’ म्हणून मोकळं होऊ नका एवढंच.

गणितवाले पण हा शब्द वापरतात. पाय आहे ना, आपला ३.१४ वाला, तो ट्रान्सेंडेंटल संख्या आहे. दोनचं वर्गमूळ कितीही विचित्र असलं तरी ‘ज्याचा वर्ग दोन’ असं साधं समीकरण मांडून त्याला पकडता येतं. पायला पूर्ण संख्यांचं कुठलंच असं बीजगणिती समीकरण पकडू शकत नाही, हे लिंडेमान या जर्मन गणितज्ञाने १८८२ मध्ये सिद्ध केलं. बीजगणिताच्या पार गेलेली संख्या. आणि ती कुठे राहते? प्रत्येक बांगडीत, प्रत्येक भाकरीत.

महर्षी महेश योगींनी आपल्या ट्रान्सेंडेंटल मेडिटेशनला हिंदीत ‘भावातीत ध्यान’ म्हटलं. तेच, ज्यांच्या ऋषिकेशच्या आश्रमात १९६८ मध्ये बीटल्स येऊन राहिले होते. भावातीत, भावांच्या पलीकडे. हा ‘-अतीत’ प्रत्यय आपल्याकडे फार लाडका आहे, कशालाही लावा, वजन येतं. एकटा ‘अतीत’ मात्र जुन्या मराठीत दारात आलेला गोसावी किंवा पाहुणा, ‘अतीत-अभ्यागत’ म्हणतात त्यातला. साताऱ्याहून कराडला जाताना हायवेवर अतीत नावाचं गावसुद्धा लागतं. मला तिथून जाताना दर वेळी वाटतं, गाडी थांबवून फोटो काढावा: मी अतीतच्या पलीकडे गेले.

पण ‘-अतीत’मधला एक शब्द थट्टेवारी न्यायचा नाही. गुणातीत. गीतेच्या चौदाव्या अध्यायात सत्त्व, रज, तम हे तीन गुण सांगून झाल्यावर अर्जुन विचारतो की या तिन्हींच्या पलीकडे गेलेला माणूस ओळखायचा कसा, तो वागतो कसा. प्रश्न बघा किती व्यवहारी आहे! तो असं विचारत नाही की त्याला कुठला प्रकाश दिसतो, कुठला नाद ऐकू येतो. वागतो कसा? आणि कृष्णाचं उत्तर पण वागण्याचंच आहे. सुखदुःखात सारखा, ढेकूळ आणि सोनं सारखं, निंदास्तुती सारखी, मित्र आणि शत्रू या दोन्ही बाजूंना सारखा. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरांनी हे सगळं मराठीत आणलं, म्हणजे ज्यांना संस्कृत येत नव्हतं त्यांच्यासाठीही नदीला उतार केला. तीर्थ या शब्दाचा मूळ अर्थ आठवा.

उपनिषदात तर याहून साधं आहे. मांडूक्य उपनिषद फक्त बारा मंत्रांचं. जागेपण, स्वप्न, गाढ झोप, आणि या तिन्हींच्या पलीकडे जे आहे त्याला नाव काय दिलं? तुरीय. म्हणजे ‘चौथं’. बस. भारीतलं नाव नाही, विशेषण नाही. नुसता नंबर. आपली संतमंडळी त्यालाच तुर्या म्हणतात. ‘अलौकिक चव’ म्हणून मिसळीची जाहिरात करणाऱ्या काळात मला हा संयम फार मोठा वाटतो.

उलट ‘अतींद्रिय’चं काय झालं बघा. इंद्रियांच्या पलीकडचं, एवढाच अर्थ. पण आज अतींद्रिय म्हटलं की शेपटासारखी ‘शक्ती’ येते, मग बाबा येतो, मग पावतीपुस्तक. २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यात तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं हा गुन्हा ठरवावा लागला. त्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून झाला. पलीकडच्या शब्दांचा बाजार अलीकडे माणसं मारण्यापर्यंत जातो. म्हणून मी शब्दांबद्दल एवढी किरकिर करते.

आता त्या रेषेकडे येऊ.

पंढरपूरला विठ्ठलाच्या महाद्वारात नामदेव पायरी आहे, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. संतांचे पाय आपल्याला लागावेत म्हणून नामदेवांनी तिथे, पहिल्या पायरीशी समाधी घेतली अशी श्रद्धा आहे. आणि लोक काय करतात? त्या पायरीवर पाय ठेवत नाहीत, वाकून हात लावतात आणि ती ओलांडून आत जातात. अक्षरशः ओलांडतात. आणि त्याच पायरीच्या समोर, बाहेर, चोखोबांची समाधी आहे.

चोखामेळा मंगळवेढ्याचे. महार जातीत जन्मले, म्हणून देवळात प्रवेश नाही. त्यांच्या अभंगांत आणि त्यांच्या घरातल्या सगळ्यांच्या अभंगांत, पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा, ही रेष पुन्हा पुन्हा येते. सोयराबाई तर सरळ विचारतात की विटाळ देहातच आहे तर विटाळाशिवाय जन्मलेला देह दाखवा कुठला! हा माझ्या मते ट्रान्सेंडन्सवरचा मराठीतला सगळ्यात धारदार प्रश्न आहे. देहाच्या पलीकडे जायच्या गप्पा मारणाऱ्यांना त्या विचारतायत की बाबांनो, दुसऱ्याच्या देहाच्या पलीकडे तुम्हाला आधी बघता येतंय का?

चोखोबांची एक आख्यायिका आहे. एका रात्री म्हणे विठ्ठलाने स्वतः हात धरून त्यांना आत नेलं. सकाळी बोभाटा झाला. देऊळ बाटलं! आणि शिक्षा काय दिली, तर चंद्रभागेच्या पलीकडच्या काठावर जाऊन राहा. चोखोबा गेले. तिथे दीपमाळ उभारली. देव रोज तिकडे जेवायला यायचा असं कथा सांगते.

पैलतीर. सगळ्या संतसाहित्यात ज्याची ओढ आहे तो काठ. पारंगत, पारमार्थिक, भवसागर पार, सगळं त्याच्याचसाठी. आणि चोखोबांना तो पैलतीर शिक्षा म्हणून दिला गेला. त्यांनी उंबरा ओलांडला ते इतरांसाठी अतिक्रमण झालं. दुसऱ्या कुणी ओलांडला असता तर त्याला दर्शन म्हटलं असतं. मगाशी मी म्हटलं ना, शब्द एकच.

१३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळली आणि चोखोबा त्याखाली गेले. पुढची कथा अशी की नामदेव हाडं शोधायला आले, आणि ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू येत होतं ती चोखोबांची म्हणून ओळखली, आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. ती कथा कीर्तनात रंगवून सांगतात आणि लोक रडतात. मीही रडलेय. पण शोधताना नामदेवांना हाडांची जात लागली नाही, आणि समाधी मात्र दाराच्या बाहेरच झाली, हे पण त्याच कथेत आहे.

त्यानंतर सहा शतकं. मधल्या काळात अद्वैतावर, निर्गुणावर, सर्वांभूती एकच देव यावर किती प्रवचनं झाली असतील मोजा. उंबरा तिथेच. १९४७ च्या १ मे रोजी साने गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले, त्याआधी महाराष्ट्रभर दौरा करून लोकांना विनवत फिरले होते. दहा दिवसांनी, १० मेला उपोषण सुटलं आणि विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुलं करायचं ठरलं. श्यामची आई लिहिणारे म्हणून तुम्ही गुरुजींना ओळखता. मला ते एका उंबऱ्यासाठी जीव पणाला लावणारे म्हणून जास्त जवळचे वाटतात.

आणि दुसरी वाट. बाबासाहेब आंबेडकरांनी २ मार्च १९३० ला नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला. नाशिक म्हणजे गोदावरीचं तीर्थ. पुन्हा तोच शब्द, आणि उतार बंद. पाच वर्षांनी येवल्याला त्यांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून मरणार नाही. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंच्या साक्षीने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दिवस कुठला होता? दसरा. सीमोल्लंघनाचा दिवस. त्या दिवशी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये एक दहा पारमितांचं पालन करण्याची आहे. दान, शील, क्षांती, वीर्य अशा दहा गोष्टी. पारमिता शब्दाची जुनी फोड आहे ‘पलीकडच्या काठाला गेलेली’. पुन्हा पार, पुन्हा काठ. पण इथे नावाडी कुणाची जात विचारत नाही, आणि पारमिता जमते की नाही हे परत वागण्यावरूनच कळतं, अर्जुनाच्या प्रश्नासारखंच.

बुद्धांची एक तराफ्याची गोष्ट आहे, मज्झिम निकायात. एक माणूस गवत, फांद्या बांधून तराफा करतो, नदी ओलांडतो. पलीकडे गेल्यावर त्याने तराफा डोक्यावर घेऊन हिंडावं का? नाही, ठेवून पुढे जावं. धम्मसुद्धा तसाच, पार होण्यासाठी, कवटाळून बसण्यासाठी नाही. शब्दांचं पण असंच असावं. मी आज अर्धा तास तराफ्याचेच बांबू मोजतेय म्हणा!

तर त्या श्रोत्याला मी शेवटी काय पाठवलं? एक शब्द दिला नाही. तीन दिले. देव किंवा परमतत्त्व विश्वाच्या पलीकडचं असं म्हणायचं असेल तर ‘विश्वोत्तीर्ण’. माणसाची अवस्था म्हणायची असेल तर ‘अतीत’ लावून काय ओलांडलं ते सांग, नुसतं अतीत नको. आणि ओलांडण्याची क्रिया म्हणायची असेल तर ‘पारगमन’. त्याचा लगेच रिप्लाय: ‘ताई, पारगमन तर जकात नाक्यावर असायचं ना? पप्पांचा ट्रक होता.’ बरोबर आहे त्याचं. जकातीच्या दिवसांत शहरातून नुसतं आरपार जाणाऱ्या मालावर पारगमन शुल्क घेत असत. पलीकडे जायचंय तर पावती फाडा. मी म्हटलं, हे स्लाइडवर घाल. त्याने घातलं की नाही माहीत नाही, मार्क किती पडले ते पण कळवलेलं नाहीये अजून.

तुमच्या गावाकडे, तुमच्या बोलीत ‘पलीकडे’साठी वेगळा शब्द असेल, मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, कोकणी, काहीही, तर आवाज रेकॉर्ड करून पाठवा. लिहून नको, उच्चार ऐकायचाय. पुढच्या भागात ‘माया’ घेणार आहे: आजीची माया आणि शंकराचार्यांची माया एकाच शब्दात कशी राहते ते. भेटू.